मालिशवाल्या मावशींच्या हाताला लागलेली गाठ

बाळ २३ दिवसांचं होतं. नोव्हेंबरची थंडी, न्हाणीघरात शेगडी पेटलेली. मालिश करता करता मावशींचा हात थांबला. "ताई, इथं बोट लावून बघा." मानेच्या उजव्या बाजूला, कातडीखाली, वाटाण्याहून थोडी मोठी टणक गाठ होती. दाबली तरी तो रडत नव्हता. मी मात्र त्या रात्री झोपले नाही.

मग एकेक आठवायला लागलं. बारशाच्या प्रत्येक फोटोत डोकं उजव्या खांद्याकडे कललेलं, हनुवटी डावीकडे. पाहुण्यांना त्यात ऐट दिसली होती. डाव्या अंगावर पाजायला घेतलं की तो किरकिर करायचा, तोंड फिरवायचा. मला वाटायचं, त्या बाजूला दूधच कमी येतंय.

आधी ज्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी "वाढेल तसं आपोआप होईल, दोन महिन्यांनी बघू" म्हणून परत पाठवलं. मला पटलं नव्हतं, तरी मी गप्प बसले. त्यात तीन आठवडे गेले, आणि त्याची रुखरुख अजून आहे. सातव्या आठवड्यात नाशिकच्याच गंगापूर रोडवर दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी मानेची सोनोग्राफी सांगितली आणि सोबत खुब्यांचीही. हा त्रास असलेल्या काही बाळांचा खुब्याचा सांधाही नीट बसलेला नसतो, म्हणून. आमचे खुबे ठीक निघाले. मानेतली गाठ म्हणजे कानामागून छातीच्या हाडाकडे उतरणाऱ्या स्नायूचाच जाड, आखडलेला भाग. नाव 'जन्मजात मस्क्युलर टॉर्टिकॉलिस', म्हणजे स्नायू आखडल्यानं मान वाकडी होणं. बाळ पायाळू असेल, पोटात त्याला जागा कमी पडली असेल किंवा बाळंतपण अवघड गेलं असेल, तर हे जास्त आढळतं. आमचा पायाळूच होता. "तुमच्या झोपवण्यानं किंवा उचलण्यानं झालेलं नाही हे," असं डॉक्टरांनी आपणहून सांगितलं. ते ऐकून मी तिथेच रडले.

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी आधी बाहुलीवर करून दाखवलं, मग माझे हात बाळावर ठेवून घेतले. एक ताण हनुवटी हळूच उजव्या खांद्याकडे वळवण्याचा. दुसरा, उजवा खांदा खाली धरून डावा कान डाव्या खांद्याकडे नेण्याचा. जोर अजिबात लावायचा नाही. बाळानं विरोध केला, श्वास अडकल्यासारखा वाटला किंवा रंग बदलला, तर तिथेच सोडायचं. पहिले चार दिवस माझे हात कापत होते. व्हिडिओ बघून कुणी हे घरी सुरू करू नये असं मला मनापासून वाटतं. मान वाकडी दिसायला डोळ्यांची किंवा मणक्यांची वेगळी कारणंही असू शकतात, ती आधी तपासावी लागतात.

पण हे ताण दिवसभराचे मिळून वीस मिनिटंही होत नसत. खरा फरक पडला तो उरलेल्या वेळात त्याला कसं ठेवायचं यानं. आमचा पलंग भिंतीला लागून आहे. भिंत त्याच्या उजवीकडे यायची, म्हणून सगळी खोली बघायला तो डावीकडेच वळायचा. आम्ही त्याचं डोकं पायथ्याकडे केलं, आता दार आणि खिडकी उजवीकडे आली. खुळखुळा उजवीकडून, हाक उजवीकडून. उचलताना उजव्या कुशीवर आडवं घ्यायचं, पाठ आपल्या पोटाला, आणि आपला हात त्याच्या उजव्या कानाखाली, म्हणजे डोकं अलगद वर उचललं जातं. अंबडच्या कंपनीतली पहिली पाळी संपवून आला की नवरा त्याला असाच धरून इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फिरवायचा.

घरात ताण आला तो मोहरीच्या उशीवरून. सासूबाईंनी ती बाळ जन्मायच्या आधीच शिवून ठेवली होती. सतत एकाच बाजूला पडून त्याचं डोकं मागून डावीकडे चपटं झालं होतं, म्हणून त्यांना ती उशी आता जास्तच हवी होती. मॅडम म्हणाल्या, झोपताना उशी नाही, पाठीवरच झोपवायचं, आणि जागा असेल तेव्हा जितकं जमेल तितकं पोटावर. सासूबाईंना वाईट वाटलं, दोन दिवस त्या फारसं बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांनाच तपासणीला सोबत नेलं. परत आल्यावर त्यांनी स्वतः सतरंजी अंथरली, बाळाला पालथं घातलं आणि गुडघे दुखत असूनही त्याच्या उजव्या अंगाला आडव्या झाल्या. "अरे, इकडे बघ की, आजी इकडे आहे!" रोज, दिवसातून पाच-सहा वेळा. मावशींचं मालिश चालूच ठेवलं, पण मानेला हात नाही आणि डोकं धरून झोके देणं बंद. त्यांनी ते मनावर घेतलं. गाठ त्यांनीच शोधली होती ना.

मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की महिन्याच्या आत सुरू केलं, तर बहुतेक बाळांची मान दीडेक महिन्यात नीट वळते. सहा महिन्यांनंतर सुरू केलं तर नऊ-दहा महिने लागू शकतात, आणि यशही कमी. ऑपरेशनची वेळ थोड्याच मुलांवर येते, तीही बऱ्याचदा वर्षभर व्यायाम करूनही उपयोग झाला नाही तरच. आम्ही मधल्या गटात होतो. संक्रांतीच्या बोरन्हाणात, हलव्याच्या मुकुटाखाली, मान कललेलीच होती. फेब्रुवारीच्या शेवटी गाठ हाताला लागेना. गुढीपाडव्याला गॅलरीत गुढी उजव्या कोपऱ्यात उभारली होती. कुणी न बोलावता तो पूर्ण वळून तिच्याकडे बघत राहिला. सासूबाई आत जाऊन साखर घेऊन आल्या.

दहाव्या महिन्यात नियमित जाणं थांबलं. चपटेपणा थोडा उरलाय, केसांत दिसत नाही. ताप आला किंवा फार दमला की मान अजून किंचित कलते, म्हणून चालायला लागल्यावर एकदा दाखवायला सांगितलंय. तोवर दर महिन्याला त्याला भिंतीशी बसवून समोरून एक फोटो काढते आणि दोन्ही डोळे एका रेषेत आहेत का ते बघते.