चार दिवसांनी, पाऊण तास आधी

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, आणि टाकी भरली का हे पाहायला रात्री गच्चीवर जाता जाताच मला आरआर लायरी या ताऱ्याचा नाद लागला. पावसाळा सरल्यावर तो अभिजित तारा आणि हंस तारकासमूहाचा पंख यांच्या दरम्यान सापडतो. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, साध्या द्विनेत्रीतून मात्र सापडतो. सुमारे 13 तास 36 मिनिटांत तो झपाट्याने उजळतो आणि सावकाश मंदावतो. अशी सात आवर्तने चार दिवसांना पाऊण तास कमी असताना पुरी होतात, त्यामुळे आज साडेनऊला दिसलेला उजाळा चार दिवसांनी पावणेनऊला गाठता येतो. नळापेक्षा हा वेळेचा पक्का, असे मी घरात अनेकदा ऐकवले आहे.

त्याच्या आतला हीलियमचा थर आधणावरच्या झाकणासारखा उष्णता कोंडतो, मग तारा फुगतो, कोंडलेली उष्णता निसटते आणि तारा पुन्हा आक्रसतो. गंमत म्हणजे तो पुरता फुगलेला असताना नव्हे, तर आक्रसून तापल्यावर नुकता पुन्हा फुगू लागतो तेव्हा सर्वाधिक तेजस्वी असतो.

शेजारचा एक उजळ आणि एक मंद असे दोन स्थिर तारे निवडायचे, त्यांच्या तेजातील फरकाचे मनाने दहा भाग करायचे आणि आपला तारा कितव्या भागात बसतो ते वहीत लिहायचे, एवढीच ही रीत. कॅमेरा अधिक अचूक मोजतो हे मान्य. पण खरी अडचण डोळ्याची नसून अपेक्षेची आहे. वेळापत्रक पाहून वर गेले की तारा हटकून त्या वेळी उजळतो, म्हणून मी ते नोंद होईपर्यंत पाहत नाही.

तरीही सुरुवातीच्या वर्षी काही रात्री उजाळा अपेक्षेहून फिका आला, तेव्हा चूक माझीच धरून मी त्या नोंदी खोडल्या. पुढे वाचनात आले की 1907 साली रशियन खगोलशास्त्रज्ञ सर्गेई ब्लाझ्को यांनी अशाच जातीच्या दुसऱ्या ताऱ्यात आवर्तनांचा बदलता डौल टिपला होता, आणि आरआर लायरीचा उजाळाही साधारण 40 दिवसांच्या फेऱ्यात कमीजास्त होतो. त्या रात्री वही काढून मी त्या जागा दिव्याखाली तिरप्या धरून पाहिल्या, पण रबर मी फारच मन लावून चालवले होते.