कारंजं बघायला गेलात की आधी टाकी शोधा

लोक फवाऱ्याचे फोटो काढत असतात, तेव्हा माझी नजर पाणी कुठून येतंय ते शोधत असते. पंपाविना चालणाऱ्या कारंज्याची सगळी करामत उंचीत असते. टाकी तोटीपेक्षा १० मीटर उंच असेल, तर फवारा फार तर तेवढाच उडणार. नळीतलं घर्षण आणि हवेचा अडथळा धरला, तर त्याहून कमीच.

रोमजवळच्या तिवोलीत व्हिला देस्तेच्या बागेत हे डोळ्यांनी दिसतं. सोळाव्या शतकात आनिएने नदीचं पाणी गावाखालून बोगदा काढून इथे आणलं, पुढचं काम उतारावर सोपवलं. इथलं ऑर्गन-कारंजं चुकवू नका. पाणी वरून बंद कोठीत कोसळताना सोबत हवा ओढून नेतं. कोठीत दोन्ही वेगळी होतात आणि दाबलेली हवा ऑर्गनच्या नळ्यांत शिरते. पाण्यावरच फिरणाऱ्या दंडगोलावर खुंट्या असतात, त्या एकेक सूर उघडत जातात. वादन सकाळी १०:३० पासून साधारण दर दोन तासांनी असतं. जाण्याआधी वेळ तपासून घ्या. पाण्यात चुना भरपूर, त्यामुळे दगडांवर जाड पुटं चढलेली दिसतील. कुठलाही फवारा एका बाजूला कलला किंवा फाटला, तर आधी तोटीच्या तोंडाशी साचलेल्या चुन्यावर किंवा कचऱ्यावर संशय घ्यावा.

फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्याला नेमकी उंचीच नव्हती. १६८४ साली सेन नदीवर १४ प्रचंड चाकांचं मार्लीचं यंत्र बसवलं, तरी पाणी पुरेना. मग राजा जवळ आला की कारंजेवाले शिट्टी वाजवून पुढच्याला इशारा द्यायचे आणि तेवढीच कारंजी सुरू व्हायची. आजही ती ठरलेल्या दिवशीच चालतात. रशियात सेंट पीटर्सबर्गजवळच्या पीटरहॉफ राजवाड्याला ही अडचण नाही. रोप्शाच्या टेकड्यांवरचे झरे कालव्याने आणल्यामुळे तिथल्या सॅमसनच्या पुतळ्याचा फवारा पंपाशिवाय सुमारे २० मीटर उडतो. मात्र हिवाळ्यात नळ गोठून फुटू नयेत म्हणून कारंजी बंद असतात.

स्पेनमधल्या ग्रानादाच्या अल्हाम्ब्रा महालात उंच उडवण्याचा सोसच नाही. १२ दगडी सिंहांच्या तोंडातून बारीक धार पडते, वरच्या संगमरवरी कुंडातलं पाणी जवळजवळ स्थिर. मला तरी हेच सर्वांत अवघड काम वाटतं, कारण येणारं आणि जाणारं पाणी सतत जुळवावं लागतं.

राजस्थानात डीगच्या महालात टाकी चक्क छतावर आहे. तिच्या भिंतींत भोकं, प्रत्येक भोकातून वेगळ्या कारंज्याकडे नळी. भोकांना लाकडी खुंट्या. खुंटी काढून रंगाची पुरचुंडी बसवली की ते कारंजं रंगीत उडतं. टाकी भरायला वेळ फार, रिकामी व्हायला थोडा. त्यामुळे ही कारंजी मोजक्या उत्सवांनाच सुरू होतात. तारीख ठरल्याशिवाय निघालात, तर कोरड्या तोट्या बघून परताल.

जपानमध्ये शिंतो देवळाच्या वाटेवरचा तेमिझुया हा हात-तोंड धुऊन शुद्ध होण्याचा पाणवठा. उजव्या हातात पळी घेऊन डावा हात धुवा, मग डाव्यात घेऊन उजवा. पळी पुन्हा उजव्या हातात घ्या, डाव्या तळहातावर पाणी ओतून चूळ भरा, डावा हात परत धुवा. शेवटी पळी उभी धरा, म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळतं. हे सगळं एकाच पळीभर पाण्यात उरकायचं असतं. पहिल्याच हातावर सगळं ओतणारे शेवटी अडतात. पळीला तोंड लावू नका, आणि चूळ कुंडात नाही, खाली खडीवर टाका.