जॅकेट उलटं करून बघा

आमच्या घरात कापड कुणी नुसत्या डोळ्यांनी बघत नाही. आधी अंगठा आणि तर्जनीत धरून चोळायचं, मग उलटं करायचं, मग उजेडाला धरायचं. बेळगावच्या वडगावात ज्यांच्या घरी माग आहेत त्या सगळ्यांचीच ही खोड. त्यामुळे मी यामाहाची आर१५ बुक केली आणि गाडीवर घालायचं जॅकेट बघायला निघालो तेव्हा आप्पाही सोबत आले. पोराच्या काळजीपोटी कमी आणि ‘नऊ हजाराला विकतात ते कापड असतं तरी कसलं’ या उत्सुकतेपोटी जास्त.

गाडीवर फार लिहीत नाही. १५५ सीसी, सहा गिअर, निळा रंग. चाळिशीकडे झुकलेल्या माणसाने ही घ्यावी का, यावर घरात जे बोलून व्हायचं ते झालंय. जॅकेट-हेल्मेट घेताना तिची एकच गोष्ट महत्त्वाची आहे. हँडल खाली आणि फूटरेस्ट मागे, म्हणजे माणूस टाकीवर ओणवा होऊन बसतो. स्प्लेंडरवर ताठ बसणाऱ्याला जे अंगाला बसतं ते इथे बसेलच असं नाही.

दुकानात पोरगा एकदम उत्साहात होता. “सिक्स हंड्रेड डी आहे सर, फाटायचा प्रश्नच नाही.” आप्पांनी कापड चोळलं आणि विचारलं, “सहाशे डेनियर होय? बरं. पण सूत कसलं?” पोरगा गप्प.

९००० मीटर सूत ६०० ग्रॅम भरलं तर ते ६०० डेनियरचं. आमच्या साडीला लागणारं पॉलिस्टर पन्नास-पंचाहत्तरच्या घरातलं, त्यामानाने सहाशे चांगलंच जाड. पण डेनियरवरून जाडी कळते, चिवटपणा कळत नाही. ६०० डेनियरचं साधं पॉलिस्टर शाळेच्या दप्तरांनाही वापरतात. कॉर्ड्युरासारखं नायलॉन घासायला त्याच्यापेक्षा बरंच टिकतं. लेबलवर नुसतं ‘६००डी’ लिहिलंय आणि पुढे सुताचं नाव नाही, तर मी ते पॉलिस्टरच धरतो.

तरी कापड ही निम्मीच गोष्ट. बऱ्याचदा कापड फाटायच्या आधी शिवण जाते. आप्पांनी पहिल्याच जॅकेटची बाही उलटी केली, अस्तर बाजूला सारलं, कोपरामागच्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवले आणि ताणलं. शिवण फाकली. आतले टाके एकेक मोजता येतील असे उघडे पडले. एकेरी शिवण, आणि वरून शोभेला लाल टीप. आप्पा काही बोलले नाहीत, हँगर होता तिथे अडकवला. दुसऱ्याची तीच कथा. मग एक राखाडी जाळीचं जॅकेट निघालं, त्याच्या खांद्या-कोपराला जाड कापड होतं. ते ताणलं तर शिवण हलेना. आत दोन रांगा दडलेल्या आणि वरून दाबटीप वेगळी. तोवर मालक काउंटरवरून उठून आले होते. आप्पा त्यांना म्हणाले, “होलगी छलो ऐती,” शिवण चांगली आहे. त्यानंतर दोघांचं कानडीत जे सुरू झालं त्यात मी आणि माझं गिऱ्हाईकपण दोन्ही बाजूला पडलं.

दाबटीप वेगळी का लागते, तर बाहेर दिसणारा दोरा डांबरावर सगळ्यात आधी घासून जातो. तो जाणारच. तो गेल्यावर आतली, घसाऱ्यापासून लपलेली रांग कापड धरून ठेवते. बाहेरची टीप हीच एकमेव शिवण असेल तर ती गेली की बाही उघडी. आणि टाके जास्त म्हणजे शिवण मजबूत असंही नाही. चामड्यावर फार बारीक टाके घातले की भोकांची रांग तयार होते आणि चामडं त्याच रेषेत फाटतं. अथणीकडच्या चपला करणाऱ्यांना विचारा, ते हेच सांगतील.

अंगठ्याने ताणून बघणं ही आमची घरगुती रीत झाली. रीतसर परीक्षा बघायची असेल तर जॅकेटच्या आतल्या लेबलवर ईएन १७०९२ शोधा. हे युरोपचं २०२० मधलं मानक आहे आणि त्यात शिवणीची ताकदही तपासतात. कापडाचा तुकडा यंत्रावर गरगर फिरवून काँक्रीटवर सोडतात आणि तो थांबेपर्यंत भोक पडतं का ते बघतात. सर्वांत जास्त मार लागणाऱ्या जागांसाठी ‘ए’ वर्गाला हा वेग ताशी ४५ किलोमीटरच्या बरोबरीचा, ‘एए’ला ७० आणि ‘एएए’ला १२०. ‘सी’ वर्ग म्हणजे नुसता आर्मर, म्हणजे मार झेलणारे पॅड, अंगावर धरून ठेवणारा कपडा, त्यात घासण्याची परीक्षाच नाही. उन्हाळी जाळीची जॅकेटं बहुतेक ‘ए’मध्ये येतात. माझं ‘ए’च आहे. माझी रोजची धाव वडगाव ते खडे बाजार, महिन्यातून केव्हातरी सासरवाडीला चंदगड, आणि रविवारी मित्रांनी उठवलं तर चोर्ला घाट. एप्रिल-मे महिन्यात ‘एएए’चं चामडी जॅकेट घालून मी खडे बाजारात जाणार नाही हे मला माहीत आहे, आणि खुंटीला टांगलेल्या जॅकेटचा मला उपयोग नाही. ज्याला हायवेवर रोज लांब जायचंय त्याने माझं ऐकू नये, ‘एए’च्या खाली उतरू नये.

आर्मरचं लेबल वेगळं असतं. खांदा, कोपर, गुडघ्याच्या आर्मरला ईएन १६२१-१ आणि पाठीच्या आर्मरला ईएन १६२१-२. आर्मर बाहेर काढून बघितला की त्यावर मोटारसायकलवाल्याचं छोटं चित्र आणि लेव्हल १ किंवा २ कोरलेलं सापडतं. हातपायांच्या आर्मरमधून सरासरी किती जोर अंगापर्यंत पोचला तर चालेल, तर लेव्हल १ ला ३५ किलोन्यूटन, लेव्हल २ ला २०. पाठीला अर्थातच कडक हिशेब आहे, १८ आणि ९. आता पाठीच्या खिशात हात घाला. बऱ्याच जॅकेटांत तिथून निघतो नुसता स्पंज. त्यावर ना चित्र, ना आकडा. दुकानदार त्यालाही ‘बॅक प्रोटेक्टर’च म्हणतो. मी तो तिथेच काढून ठेवला आणि लेव्हल २ चा वेगळा घेतला. खिशाचं माप आधी घ्या, नाहीतर आर्मर आत फिरत राहतो.

मापाचं म्हणाल तर आरशासमोर उभं राहून जॅकेट घेऊ नका. स्पोर्ट गाडीसाठी तर मुळीच नको. दुकानात गाडी नसेल तर स्टुलावर बसा, पुढे झुका, हात खाली हँडल धरल्यासारखे ठेवा. आता तीन गोष्टी दिसतील. पाठ उघडी पडते का? कॉलर गळ्यात रुतते का? आणि कोपराचा आर्मर कोपरावरच आहे की फिरून आतल्या बाजूला गेलाय? उभं असताना थोडं आखूड आणि अवघडलेलं वाटणारं जॅकेट ओणवं बसल्यावर बरोबर बसतं, आणि उभं असताना ऐटदार दिसणारं पोटाजवळ गोळा होतं. दंडावरचे पट्टे आवळून बाही पिळून बघा. आर्मर अंगासोबत वळला पाहिजे, अंगावर सरकायला नको.

हेल्मेटच्या बाबतीत आपण बेळगाववाले नशीबवान. वेगा इथलीच कंपनी, आणि ॲक्सॉर हा तिचाच ब्रँड. पण गावचं म्हणून घेऊ नका, डोक्याला बसतंय म्हणून घ्या. भुवयांच्या बोटभर वरून टेप फिरवून माप काढायचं, घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत, आणि हेल्मेट हलवलं तर कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे. पट्टा लावून मागची कड धरून पुढे ढकलायचं, निघालं तर ते हेल्मेट तुमचं नव्हे. दुकानात वीसेक मिनिटं घालून बसा. कपाळावर एका जागी लाल वण उठून दुखायला लागलं तर आकार चुकतोय, ‘नंतर सैल होतं सर’वर विश्वास ठेवू नका. गालांचे पॅड सैल होतात, कपाळ नाही.

१ जून २०२१ पासून देशात आयएसआयचा शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायला बंदी आहे. मानक आयएस ४१५१. पण शिक्क्याचं स्टिकर छापायला कितीसा खर्च येतो? शिक्क्याखाली सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे. ईसीई २२.०६ या युरोपात चालणाऱ्या मानकाचाही शिक्का असेल तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही, कारण त्यात तिरका मार लागून डोकं गर्रकन फिरतं त्याचीही परीक्षा आहे.

ओणव्या बसण्याचा इथेही संबंध येतो. मान वर करून बघावं लागतं म्हणजे नजर काचेच्या वरच्या कडेतून जाते. काही हेल्मेटांची वरची कड इतकी खाली असते की स्टुलावर झुकल्यावर मला समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसेना. तेच हेल्मेट ताठ बसल्यावर झकास वाटत होतं. आणि एक विनंती, हेल्मेट आरशावर अडकवू नका. आतला थर्माकोलसारखा थर आरशाच्या टोकाने दबतो आणि दबला की परत फुगत नाही. मार झेलायचं काम तोच करतो.

ग्लोव्ह्जवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही. माणूस पडताना पहिल्यांदा हात टेकतो. शंभर वेळा ठरवलं तरी टेकतोच. तळहात टेकला की बराचसा भार अंगठ्याच्या बुडाशी मनगटात असलेल्या स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडावर येतो. त्याला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे मोडलं तर जुळायला महिने लागतात. आमच्या धंद्यात तुटलेलं सूत बोटांनी जोडावं लागतं, अंगठा गेला तर काम गेलं. म्हणून तळहाताच्या मनगटाकडच्या बाजूला गुळगुळीत कडक प्लास्टिकची चकती असलेलेच ग्लोव्ह्ज घ्या. ती रस्त्यावर सरकते आणि हात अडकून मुरगळत नाही. सगळे लोक मुठीवरचं चकाकणारं कार्बन बघून ग्लोव्ह्ज घेतात, तळवा कुणी उलटून बघत नाही. मानक ईएन १३५९४. त्यात लेव्हल १ किंवा २, आणि मुठीच्या सांध्यांचीही परीक्षा पास असेल तर पुढे केपी. मनगटाचा पट्टा आवळून दुसऱ्याला बोटांच्या टोकाने ओढायला सांगा. निघाला तर ठेवून द्या. बोटांच्या शिवणी बाहेरून असलेले मिळाले तर उत्तम. खाली हँडल असलेल्या गाडीवर तळहातावर वजन येतं आणि आतली शिवण अर्ध्या तासात चावायला लागते.

बुटांचं ऐकून आमच्या गल्लीत हसले. इथे बुलेटही चपलेवरच चालवतात. पण या गाडीचे फूटरेस्ट मागे आणि उंच, घोट्याला सतत वाकण. घोट्याच्या दोन्ही बाजूंना कडक वाटी, टाचेला कडकपणा, आणि बूट मधोमध पिळला तर सहज पिळला जायला नको, एवढं बघून घेतले. लेस असेल तर वरून झाकणारा पट्टा हवा, सुटलेली लेस फूटरेस्टला अडकली की सिग्नलला पाय टेकायच्या वेळी पायच येत नाही.

पावसाचं एका वाक्यात: आत लावायच्या रेन लायनरच्या भानगडीत पडू नका, वरून घालायचा रेनकोट घ्या. लायनर तुम्हाला कोरडं ठेवेल, पण चोर्ल्याच्या वाटेवर जांबोटी ओलांडून कणकुंबीला पोचेपर्यंत बाहेरचं जॅकेट पाणी पिऊन दुप्पट जड झालेलं असेल आणि दुसऱ्या दिवशीही वाळलेलं नसेल. चोर्ल्याच्या धुक्यासाठी काचेला पिनलॉक, म्हणजे वाफ न धरणारी आतली दुसरी काच, लावता येतो का ते हेल्मेट घेतानाच विचारा, काचेला तो अडकवायच्या खिळ्या नसतील तर नंतर लागत नाही.

रंग राखाडी घेतला तो आप्पांच्या हट्टाने. मला काळा हवा होता. त्यांचं म्हणणं, संकेश्वराकडे हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर संध्याकाळी वळतो तेव्हा त्याला काळ्या जॅकेटातला माणूस कुठला दिसायला? खांद्यांवर आणि पाठीवर रिफ्लेक्टरच्या पट्ट्याही त्यांनीच मोजून घेतल्या. हेच आप्पा लुनावर हेल्मेट न घालता जन्मभर फिरले, पण ते त्या दिवशी काढण्यात अर्थ नव्हता.

राहिली पँट. साधी जीन्स पडल्यावर डांबरापुढे टिकत नाही, म्हणून सध्या जीन्सवर पट्ट्यांचे गुडघ्याचे गार्ड बांधतो. ते चालवताना खाली घसरतात, दर थांब्यावर वर ओढावे लागतात. नीट पँट घ्यायचीच आहे, अडचण उंचीची. मी पाच फूट चार इंच, पँटी सगळ्या उंच माणसांच्या मापाच्या. “खालून दोन इंच कापून देतो की,” दुकानदार म्हणाला. कापून लांबी कमी होईल, पण गुडघ्याचा आर्मर नडगीवर आहे तो तिथेच राहणार. आप्पा म्हणाले, गुडघ्याचा खिसा उसवून वर घेता येईल, मी घेतो शिवून. कागदावर चौकोन काढून मापंही घेतलीत त्यांनी. मी पुढच्या महिन्यात कोल्हापूरला आखूड मापाची पँट मिळते का ते बघून येणार आहे. नाही मिळाली तर मशीन आहेच.