कोलोनायझेशन : डच डावाची नोंद, १६१८ ते १६३४

मागील नोंद १६१८च्या वसंत ऋतूत थांबली होती. आता डाव १६३४च्या शरद ऋतूपर्यंत आला आहे. हा १९९४ साली मायक्रोप्रोजने काढलेला, नव्या जगात वसाहती उभारण्याचा मूळ संगणक खेळ आहे आणि मी कॉन्किस्टाडोर या अवघडपणाच्या मधल्या पातळीवर खेळतो आहे. डच मी मुद्दाम निवडले, कारण त्यांना आरंभीच माल ठेवण्याच्या दोन खणांच्या कॅरॅव्हेलऐवजी चार खणांचे व्यापारी जहाज मिळते आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या बाजारात पडलेले भाव तुलनेने लवकर सावरतात.

या टप्प्यातील सर्वांत मोठी अडचण न्यू अ‍ॅमस्टरडॅम या माझ्या वसाहतीतच उभी राहिली. ऊस आणि रम यांच्या जोरावर मी तेथील वस्ती १४पर्यंत वाढवली, पण नगरभवनात एकच साधा वसाहतकरी ठेवला असल्यामुळे स्वातंत्र्याचा पाठिंबा ३५ टक्क्यांवर अडून राहिला. म्हणजे नऊ जण राजनिष्ठ उरले, आणि राजनिष्ठांची संख्या अवघडपणाच्या पातळीनुसार ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की वसाहतीतील प्रत्येक कामकऱ्याचे उत्पादन एकाने घटते. माणसे वाढवूनही रम का वाढत नाही, याचा उलगडा मला तब्बल सहा खेळ्यांनंतर झाला. मग तिघांना फोर्ट ऑरेंज या दुसऱ्या वसाहतीत हलवले, नगरभवनात स्वातंत्र्याचा पाठिंबा वाढवणाऱ्या घंटा तीनऐवजी सहा देणारा अनुभवी मुत्सद्दी बसवला आणि छापखाना बांधून घंटांमध्ये निम्म्याने भर घातली. आज पाठिंबा ५२ टक्के आहे, आणि पन्नाशी ओलांडताच प्रत्येकाचे उत्पादन उलट एकाने वाढले. मोठ्या वसाहतीत मुत्सद्दी आधी आणि शेतकरी नंतर, हा क्रम मी यापुढे कटाक्षाने पाळणार आहे.

राजाने या काळात तीनदा कर वाढवला. रम पणाला लागलेल्या दोन्ही वाढी मी मान्य केल्या. खनिज पणाला लागलेली वाढ मात्र नाकारली. नकार दिला की वसाहतीतील तो माल समुद्रात फेकला जातो आणि थकबाकी भरेपर्यंत किंवा याकोब फुगर काँग्रेसमध्ये, म्हणजे खेळात खास सवलती देणाऱ्या ऐतिहासिक व्यक्तींच्या सभेत, येईपर्यंत युरोपात त्याची विक्री बंद राहते. माझे सारे खनिज अवजारे आणि बंदुकांसाठी घरातच खपते, त्यामुळे त्या बहिष्काराची झळ मला मुळीच लागली नाही. ज्या मालाची निर्यात आपण करत नाही, त्याच मालावर नकार द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. पडद्यावर उसाची शेते मोकळे वसाहतकरी पिकवतात. प्रत्यक्षातील कॅरिबियन ऊस आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर उभा होता, आणि खेळाने ते पूर्णपणे वगळले आहे. हा खेळ मला अतिशय प्रिय आहे, म्हणूनच ती उणीव अधिक जाणवते.

पीटर स्टायव्हेसंट काँग्रेसमध्ये आल्यामुळे आता जकात कचेरी बांधता येते. न्यू अ‍ॅमस्टरडॅममध्ये तिचे काम सुरू आहे. ते पूर्ण झाले की रम जहाजाविना परस्पर विकली जाईल आणि व्यापारी जहाज माणसे आणण्यासाठी मोकळे होईल. काँग्रेससाठी पुढची निवड घंटा निम्म्याने वाढवणाऱ्या थॉमस जेफरसनची केली आहे. फोर्ट ऑरेंजचा पाठिंबा अजून २८ टक्केच आहे, तेव्हा दुसरा मुत्सद्दी तेथे जाईल.