बिअरला ठिपके किती?

नॉर्वेत नोव्हेंबर उजाडतो तेव्हा उजाडणंच बंद होत आलेलं असतं. ऑस्लोत चारच्या सुमारास दिवे लागतात, झाडांवर पान उरलेलं नसतं, बर्फाचाही अजून पत्ता नसतो. नेमक्या याच उदास दिवसांत इथल्या वर्तमानपत्रांत फासे पडायला लागतात. सापशिडीत असतो तोच फासा, सहा बाजूंचा, ठिपक्यांचा. व्हीजी नावाच्या दैनिकाने १९५२ मध्ये सिनेमाच्या परीक्षणाशेजारी तो छापायला सुरुवात केली. मग बाकीच्यांनी उचलला, आणि आता या देशात सिनेमा, नाटक, पुस्तक, हॉटेल, गोठवलेला पिझ्झा, सगळ्यांची लायकी फाशावर ठरते. नोव्हेंबरात पाळी येते यूलेओलची, म्हणजे नाताळच्या बिअरची. पानभर बाटल्यांचे फोटो, प्रत्येकीशेजारी एक फासा आणि दोन ओळींत निकाल. कॅरमेल छान, शेवट जरा आखूड, चार.

पस्तीसला पास आणि साठला फर्स्ट क्लास या हिशेबात वाढलेल्या मला सुरुवातीला हा पोरखेळ वाटायचा. आता वाटतं, यापेक्षा चोख मोजपट्टी सापडणं अवघड. एक तर फाशाला शून्य नाही. बिअर कितीही टाकाऊ असो, एक ठिपका तिच्या पदरात पडतोच. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे फाशाला मध्य नाही. पाच ताऱ्यांत तीन तारे देऊन अंग काढून घेता येतं. सहाच्या फाशावर तीन दिले की तुम्ही नापसंतीच्या बाजूला, चार दिले की पसंतीच्या. तळ्यात-मळ्यात करायला जागाच नाही. मनातलं सहसा तोंडावर न आणणाऱ्या या लोकांनी स्वतःसाठी अशी अडचणीची पद्धत का निवडली असेल, कोण जाणे.

त्यात आणखी एक गंमत आहे. नॉर्वेत दारूच्या जाहिरातीला १९७५ पासून बंदी आहे. म्हणजे बिअर करणाऱ्याला आपल्या बिअरची जाहिरातीत स्तुती करायची सोय नाही. रस्त्यावर फलक नाही, टीव्हीवर हसणारी पोरं-पोरी नाहीत, क्रिकेटपटूंनी विकलेला ‘सोडा’ नाही. पेपरने सहा ठिपके दिले तरी ते पान जाहिरात म्हणून मिरवता येत नाही. बिचारे मनातल्या मनात खूश होत असतील. त्यामुळे इथे बिअरबद्दल जे काही बोलायचं ते पिणाऱ्यांनीच, आणि पिणारे ही जबाबदारी फार गांभीर्याने घेतात.

सरकारही गंभीरच. ४.७ टक्क्यांपर्यंतची बिअर किराणा दुकानात मिळते, पण तीही आठवड्याच्या दिवशी रात्री आठपर्यंत आणि शनिवारी सहापर्यंत. त्यानंतर फ्रीजवर पडदा. रविवारी नाहीच. त्याहून कडक हवी असेल तर विनमोनोपोले, म्हणजे १९२२ साली स्थापन झालेली सरकारी मक्तेदारीची दुकानं. तिथला माणूस तुम्हाला पाच मिनिटं प्रेमाने समजावून सांगेल की सुक्या मटणाच्या बरगड्यांबरोबर कोणतं बॉक, म्हणजे कडक, गोडसर बिअर, घ्यावं, पण थंडगार बाटली मात्र देणार नाही. बिअर खोलीच्या तापमानालाच विकायची, घेतली आणि दाराबाहेर उघडली असं व्हायला नको. नोव्हेंबरात ही काही शिक्षा नव्हे, बाल्कनी आहेच.

याच देशात मध्ययुगातल्या गुलाटिंग कायद्यानुसार नाताळसाठी बिअर गाळणं शेतकऱ्यांवर बंधनकारक होतं. सलग तीन वर्षं टाळाटाळ करणाऱ्याची मालमत्ता जप्त, अर्धी राजाला आणि अर्धी बिशपला. तेव्हा केली नाही म्हणून दंड, आता आठ वाजले म्हणून पडदा. महाराष्ट्रातल्या माणसाने यावर हसू नये. १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून उभा आहे, त्यानुसार प्यायला परवाना लागतो, आणि बारमध्ये बसलेल्या किती जणांच्या खिशात तो असतो हे न विचारलेलंच बरं.

तर यूलेओल बाजारात येते आणि दिवाळीही त्याच सुमारास पडते, म्हणून दरवर्षी एका शनिवारी आमच्या घरी दोन्हींचा कार्यक्रम असतो. मंडळी सहा. मी आणि नवरा, नागपूरचा एक मित्र आणि त्याची गणित शिकवणारी बायको, ऑफिसातला बर्गनचा सहकारी, आणि खालच्या मजल्यावरच्या आजी, मूळच्या पार उत्तरेकडच्या ट्रॉम्सोच्या. बाटल्यांना लोकरीचे मोजे चढवून वर कपड्यांच्या चिमट्याने क्रमांक लावायचे. मोज्याचा शोध आजींचा. वर्तमानपत्राचा कागद ओला होऊन फाटतो आणि लेबल दिसतं, मोजा मात्र प्रामाणिक राहतो, असं त्यांचं म्हणणं.

बर्गनचा सहकारी पहिल्या वर्षी तक्ता घेऊन आला. बीजेसीपी नावाच्या अमेरिकी परीक्षक-संस्थेचा तो तक्ता पन्नास गुणांचा आहे. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते याला ५ आणि एकंदर १०. वाचायला सुंदर. पण त्या निमित्ताने एक सवय लागली, घोट घेण्याआधी नाक ग्लासात घालायची. यूलेओलचा रंग बहुधा तांबूस तपकिरी, वास भाजलेल्या साखरेचा, थोडा खरपूस पावासारखा, कडवटपणा बेताचा. ग्लास तळहातात धरून जरा ऊब दिली की मागून मनुका येतात. एखाद्या बाटलीत मात्र ओल्या पुठ्ठ्याचा वास सापडतो. हवा लागलेली किंवा फार दिवस पडून राहिलेली बिअर. हा वास एकदा ओळखीचा झाला की सुटका नाही. भलत्या ठिकाणी, चांगल्या यजमानांच्या घरी, तो येतो आणि तोंडावर हसू ठेवून पीत राहावं लागतं.

दोन घोटांच्या मध्ये जीभ साफ करायला पाणी आणि फ्लॅटब्रेड, म्हणजे इथली कागदासारखी पातळ, बिनचवीची भाकरी. नियम म्हणून ठीक. पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला फराळाचा डबा उघडा असतो, आणि नागपूरकर नियम मानत नाही. चकलीबरोबर प्यायली की साधी पिल्सनरही, म्हणजे रोजची फिकट सोनेरी बिअरही, एक ठिपका वर चढते, हे त्याने सगळ्यांच्या देखत सिद्ध करून दाखवलं आहे. तळलेल्यावर ती कडवट, फसफसणारी, गार धार अशी काही बसते की तक्त्यातल्या कुठल्या रकान्यात लिहावं कळत नाही. अनारशाबरोबर मात्र यूलेओलच. इथे आजींचं आणि माझं एकमत आहे, आणि आमचं एकमत क्वचित होतं.

पिल्सनरचं दुखणं सगळीकडे सारखंच. गुण द्यायला बसलं की माणसं काळ्या, जाड, कडक बिअरकडे झुकतात. ग्रिमस्टाडच्या नोग्ने ओचा इम्पीरियल स्टाउट घ्या. एका वैमानिकाने मित्राबरोबर २००२ मध्ये सुरू केलेली ही ब्रुअरी. अमेरिकेच्या फेऱ्यांत तिथल्या बिअरची चटक लागली आणि हे उद्योग सुरू झाले. स्टाउट नऊ टक्क्यांचा, कोळशासारखा काळा, कॉफी आणि कडू चॉकलेट एकदम नाकात. मोजा चढवून काय लपणार! आमच्याकडे त्याला धडाधड पाच आणि सहा पडतात, आणि रात्री आवरताना अर्धी बाटली शिल्लक असते. ज्या पिल्सनरला हात आखडून तीन दिले, तिचे कॅन मात्र कधीच संपलेले असतात. नागपूरकर तीन देतानाही म्हणतो, ‘‘काही दम नाही बे याच्यात,’’ आणि पुढचा कॅन उघडतो.

पिल्सनरला तोलामोलाचं काहीतरी मिळावं असं वाटणाऱ्यांनी नकाशा काढून बघावा. पिल्सनर करणारी रिंगनेस ही ऑस्लोची ब्रुअरी १८७६ ची. आमुंड आणि एलेफ हे रिंगनेस बंधू आणि त्यांचा भागीदार आक्सेल हायबर्ग यांनी ध्रुवाकडे जाणाऱ्या मोहिमांना पैसा पुरवला. मोहिमेच्या कप्तानाने, ओटो स्वेर्ड्रुपने, उपकाराची फेड म्हणून नव्याने सापडलेल्या बेटांना त्यांची नावं देऊन टाकली. कॅनडाच्या उत्तर टोकाला आजही आमुंड रिंगनेस, एलेफ रिंगनेस आणि आक्सेल हायबर्ग अशी तीन बेटं आहेत. सहा ठिपके मिळालेल्या किती स्टाउटांच्या नावे बेटं आहेत?

आजींचं पिल्सनरप्रेम फक्त एकीवर, माकवर. ट्रॉम्सोत १८७७ पासूनची ब्रुअरी, १९२८ पासूनचा तिचा बिअर हॉल, तिथे आजींचे वडील बसायचे वगैरे सगळं आम्हाला पाठ आहे. एकदा सहा मोजे घातलेल्या पिल्सनरांतून आजींनी एक घोट घेऊन चौथी उचलली, ‘‘ही आपली’’ म्हणाल्या आणि वर फाशाचे सहा. मोजा काढला तर आत बर्गनची हान्सा. बर्गनकराने टेबलावर हात आपटून आनंद साजरा केला. आजी शांतपणे म्हणाल्या की बर्गनवाले बरंच शिकलेत आता.

यंदा याच बर्गनकराने मेख मारून ठेवली. तो येताना रेल्वेने व्हॉसच्या नातेवाइकांकडून प्लास्टिकच्या बाटलीत बिअर घेऊन आला. व्हॉस म्हणजे बर्गनच्या मागचा डोंगरी, शेतीवाडीचा मुलूख. तिथे काही घरांतून बिअर अजून शेतावरच होते आणि तिच्यात घरचं खमीर पडतं. त्याला क्वाइक म्हणतात. पूर्वी ते लाकडी कड्यांच्या माळेवर किंवा भोकं पाडलेल्या ओंडक्यावर वाळवून वर्षभर टांगून ठेवत. कोणाचं बिघडलं तर आपल्याकडे विरजण मागतात तसं शेजाऱ्याकडून आणत. शहाणं खमीर विशीच्या आसपासच्या तापमानात खूश असतं; क्वाइक चाळिशीला जाणाऱ्या कोमट रसात टाकतात आणि ते मरण्याऐवजी दोन दिवसांत काम उरकून मोकळं होतं. वर संत्र्याच्या सालीसारखा वास सोडून जातं. आता जगभरच्या प्रयोगशाळा ते पाकिटात भरून विकतात.

व्हॉसकडे पाण्यातच आधी जुनिपर नावाच्या काटेरी, सदाहरित झुडपाच्या फांद्या उकळतात, मग त्या पाण्याने माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, भिजवतात आणि निघालेला रस तीन-चार तास रटारटा आटवतात. खमीर टाकताना पूर्वी काही ठिकाणी पिंपात तोंड घालून जोरात ओरडायची रीत होती. जितकी मोठी आरोळी तितकी बिअर जोरकस. आंबणं संपून बिअर पिंपातून काढायच्या दिवशी शेजारी आपोआप जमतात, चव बघायला. निकालही तिथेच लागतो, पण आकड्यात नाही. शेजाऱ्याने पुन्हा भांडं पुढे केलं का, एवढंच यजमान बघतो.

आमच्याकडे त्या बाटलीलाही मोजा चढला. फेस जवळजवळ नाहीच, म्हणजे तक्त्यातल्या रूपाच्या तीन गुणांवर पाणी. रंग लालसर तपकिरी. नाकाशी धरली तर संत्रं, त्यामागे ओल्या जंगलाचा, झाडाच्या चिकाचा वास. तोंडात गोडसर, दाट, अजिबात न टोचणारी, आणि गिळल्यावर जुनिपरची एक कोरडी, झोंबरी रेघ जिभेच्या कडेने मागे राहते. मी सहा दिले. बर्गनकराने अर्थातच सहा. नवऱ्याने एक, कारण त्याच्या मते हे खोकल्याचं औषध होतं. आजींनी दोन, आणि नागपूरकरानेही दोन. दम होता पण बुडबुडे नव्हते. गणितवाल्या बाईंनी बराच वेळ घोळवून चार दिले, मग सवयीने बेरीज केली. एकवीस. सहा जण. सरासरी साडेतीन.

फाशावर साडेतीन नसतं. त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही सगळ्यांनी चव न घेता नुसता फासा टाकत बसला असतात ना, तरी रात्रभरात सरासरी साडेतीनच आली असती.’’ बर्गनकराला हा हिशेब अजिबात पटला नाही. त्याने नियमबाह्य म्हणून नागपूरकराचे दोन ठिपके रद्द करायची मागणी केली, कारण त्या वेळी त्याच्या तोंडात चकली होती. यावर चर्चा लांबली. पुढच्या वर्षी फराळाचा डबा गुण लिहून झाल्यावरच उघडावा असा ठराव आला. नवरा आणि बर्गनकर बाजूने, नागपूरकर आणि मी विरोधात, गणितवाल्या बाई तटस्थ. आजींचं मत निर्णायक ठरणार होतं. त्यांनी आधी डबा आपल्याकडे ओढून घेतला आणि मग सांगितलं की विचार करून कळवते.