रतनजोत, मंजिष्ठा आणि कॉस्टिक सोडा : घरच्या साबणाचा रंग टिकवताना

साबण घरीच रंगवायचा म्हटलं की हात आधी जास्वंद, बीट, गोकर्ण नाहीतर कोकमाच्या आगळाकडे जातो. यातलं एकही चालत नाही. तेलाचा साबण करणारा कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड; पुढे नुसता ‘सोडा’ म्हणते तो हाच) लागताच हे रंग हिरवट-पिवळट होतात आणि वडी कापायच्या वेळेपर्यंत मातकट. पूर्ण मुरलेल्या साबणाचाही सामू (pH) ९ ते १० असतो. त्या क्षारात जे तग धरतं तेच घालायचं. हा निकष लावल्यावर माझ्याकडे रतनजोत आणि मंजिष्ठा (दोन्ही रंग देणाऱ्या मुळ्या), शेंद्रीच्या बिया, नील, कोळशाची पूड आणि मुलतानी माती एवढीच यादी उरली. हळद अर्धीमुर्धी चालते. सोड्यात ती लालभडक होते, मग पिवळसर-केशरीवर येते, पण उजेडात काही महिन्यांत उडते. कडुनिंबाच्या पाल्याचा हिरवा रंगही असाच तपकिरीकडे झुकतो.

५०० ग्रॅम तेलांसाठी मी घेते ते माप : खोबरेल २००, शेंगदाणा तेल २००, एरंडेल ५० आणि कोकमाचं तूप ५० ग्रॅम. कोकणात टाचांच्या भेगांना लावतात तेच हे भिरंडेल. त्याने वडी टणक होते. १ ग्रॅम तेलाचा साबण व्हायला लागणारा सोडा प्रत्येक तेलाचा वेगळा : खोबरेल ०.१८३, शेंगदाणा ०.१३७, एरंडेल ०.१२८, कोकम ०.१३५. गुणाकार करून बेरीज ७७ ग्रॅमच्या आसपास येते. त्यातून ५ टक्के वजा करायचे, म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि साबण त्वचेला कोरडं पाडत नाही. उरतो ७३ ग्रॅम सोडा आणि त्याच्या दुप्पट, १४६ ग्रॅम पाणी. तेल बदललं की हिशेब पुन्हा करायचाच. ५० ग्रॅम खोबरेलाऐवजी तेवढंच शेंगदाणा तेल घेतलं तरी सोडा सव्वादोन ग्रॅमने कमी लागतो. घरात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर राइस ब्रान तेल घ्या, त्याचा गुणक ०.१३३. सगळं वजनावर, १ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर; वाटी-चमच्याच्या मापाला इथे जागा नाही.

रंगाचं काम आदल्या दिवशी. रतनजोत काष्ठौषधीच्या दुकानात सालीच्या पापुद्र्यांसारखी मिळते. विकत घेण्याआधी एक तुकडा तेलाच्या बोटाने चोळून बघावा : अस्सल असेल तर बोट लगेच लालगर्द होतं, नुसत्या पाण्याने मात्र जवळजवळ काहीच उतरत नाही. कारण तिचा रंग तेलात विरघळणारा आहे. १३० ग्रॅम शेंगदाणा तेलात १५ ग्रॅम रतनजोत घालून भांडं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवते, मंद आचेवर दोन-तीन तास. मग मलमलच्या कापडातून गाळून तेलाचं वजन पुन्हा करते. साल बरंच तेल पिते, आणि मूळच्याच वजनावर सोडा घातला तर तो जास्त होऊन वडी चरचरणारी निघते. या गाळलेल्या तेलातलं १०० ग्रॅम आणि साधं १०० ग्रॅम मिळून २०० भरते.

मंजिष्ठा तेलात फारशी उतरत नाही. तिची वस्त्रगाळ पूड एक छोटा चमचा, थोड्या एरंडेलात घोटून घालावी. भरड राहिली तर वडीत लाल ठिपके दिसतात आणि अंगाला खरखर लागते.

सोडा विरघळवताना गॉगल, हातमोजे, उघडी खिडकी. मुलं आणि मांजर दुसऱ्या खोलीत. भांडं स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं. अ‍ॅल्युमिनियमवर सोडा तुटून पडतो आणि हायड्रोजन सुटतो. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही; उसळून अंगावर येतं. द्रावण ८० अंशांच्या वर तापतं. त्वचेवर उडालं तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा आणि धूत राहा, व्हिनेगर नको. पाण्याऐवजी काढा वापरायचा मोह होतो, पण सोड्यात तो काळपट होतो आणि उग्र वास मारतो.

तेलं आणि द्रावण दोन्ही ४० ते ४५ अंशांवर आली की एकत्र करावीत. याहून गार झालं तर कोकमाचं तूप थिजायला लागतं. मिश्रण दाट दिसतं पण साबण झालेलाच नसतो, आणि नंतर साच्यात तेल वेगळं तरंगतं. द्रावण पडताच लाल तेल क्षणात निळसर-करडं होतं. घाबरू नका, तो क्षाराचा परिणाम आहे; मुरता मुरता जांभळा रंग वर येतो. हँड ब्लेंडर थांबून थांबून चालवावा. धिरड्याच्या पिठाइतकं दाट झालं आणि वरून पडणारी धार क्षणभर उमटून राहिली की थांबावं. सुगंधी तेल आता, १० ते १५ ग्रॅम. वाळ्याचं तेल छान टिकतं, लिंबा-संत्र्याचं उडून जातं. लवंगेचं तेल इथे नकोच : मिश्रण भांड्यातच घट्ट होतं.

सिलिकॉनच्या साच्यात ओतून टॉवेलात गुंडाळून ठेवते. ऊब सारखी मिळाली नाही तर मधला भाग तापून गडद होतो, कडा फिक्या राहतात आणि प्रत्येक वडीत गोल चकती दिसते. खराबी नाही, पण रतनजोतीत ती फार डोळ्यांत भरते.

दुसऱ्या दिवशी हातमोजे घालून सात वड्या कापाव्यात आणि जाळीवर, उन्हापासून दूर, चार ते सहा आठवडे ठेवाव्यात. पावसाळ्यात ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं, वड्यांवर दव सुटतं; तेव्हा पंख्याखाली ठेवून दोन आठवडे जास्त द्यावेत. वर आलेली पांढरी भुकटी बहुतेक वेळा धुण्याचा सोडा असतो, ओल्या फडक्याने पुसली जाते. केशरी ठिपके आणि खवट वास आला तर मात्र तेल जुनं होतं किंवा सूर्यफुलासारखं पटकन खवटणारं. त्या वड्या अंगाला न लावता फरशी पुसायला काढाव्यात.