घोडा जिंकला, पैसे गेले

घोड्यांच्या पैजांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. त्यानंतर पुण्याच्या रेसकोर्सवर मी टोटच्या, म्हणजे रेस क्लबच्या अधिकृत पैजांच्या खिडकीत बसलो, तो हा पहिलाच रेसचा दिवस. आठवडाभर माझी दुसरी नोकरी असते. पावसाळी सीझनला रेसच्या दिवशी तेवढं तिकिटं द्यायचं काम करतो. त्यामुळे खिडकीसमोरचे बरेच चेहरे ओळखीचे.

त्यातलेच एक काका, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. कमी खेळतात, पण अभ्यास करून खेळतात. त्यांच्या रेसकार्डावर पेन्सिलीने बारीक खुणा असतात: मागच्या रेसची वेळ, पाठीवरचं वजन, जॉकी कोण, भिजलेल्या मैदानावर हा घोडा कसा पळतो. तिसऱ्या रेसला त्यांनी एक शंभराची नोट, एक विसाची आणि आठ रुपये सुटे खिडकीतून आत सरकवले.

"शंभर, विन, चार नंबर."

"काका, आता एकशेचाळीस."

त्यांनी काही न बोलता पाकिटातून आणखी बारा रुपये काढले.

चार नंबर फेव्हरिट होता, म्हणजे सगळ्यात जास्त पैसे त्याच्यावर होते, आणि तोच जिंकला, तोही आरामात. बोर्डावर डिव्हिडंड, म्हणजे जिंकणाऱ्याच्या हाती पडणारी रक्कम, दहा रुपयांना तेरा असा लागला. काका तिकीट घेऊन आले, मी एकशेतीस रुपये मोजून दिले. पैसे हातात तसेच धरून ते उभे राहिले. "एकशेचाळीस घालून एकशेतीस? अरे, पण घोडा जिंकला ना माझा?"

मागे रांग होती. मी फक्त "हो काका, जिंकला" एवढंच म्हणालो.

हिशेबात चूक नव्हतीच. कर जिंकलेल्या रकमेवर नाही, लावलेल्या प्रत्येक रुपयावर आहे, घोडा येवो न येवो. २८ टक्क्यांत याच निकालावर त्यांना दोन रुपये तरी सुटले असते. आता दहाला चौदापेक्षा कमी डिव्हिडंड लागला, तर अचूक घोडा ओळखणाराही घरचेच पैसे घालवतो. शिवाय दहा हजारांच्या वर जिंकलात तर ३० टक्के टीडीएस वेगळा.

काकांच्याच मागे उभा असलेला एक पोरगा मित्राला मोबाईल दाखवत होता. बेकायदा बुकीचा भाव. तिथे शंभर म्हणजे शंभर, वर काही नाही. थोड्या वेळाने दोघंही रांगेतून निघून गेले. तो पैसा सरकारलाही मिळत नाही आणि रेसकोर्सलाही नाही.

हे नुकसान कुठवर जातं ते खिडकीत बसून नीट कळतं. टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एकत्र जमतात, त्यातून क्लब आपला हिस्सा ठेवतो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. त्या हिश्श्यावर बक्षिसं, मैदानाची निगा, पगार चालतात. बक्षीस आटलं की मालक घोडा ठेवत नाही. मग घोडा सांभाळणारा साईस, नालबंद, चंदीवाला अशी एकेकाची रोजी जाते. साईस पहाटेपासून त्या जनावरासोबत असतो. त्याचा विचार कुठल्याही चर्चेत येत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

चर्चा होते ती जमिनीची. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. २०२४ मध्ये १२० एकर उद्यानासाठी द्यायचे आणि ९१ एकर रेसिंगकडे ठेवायचे असं ठरलं. चेन्नईत त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गिंडीचं रेसकोर्स सरकारने थकीत भाड्यापायी ताब्यात घेतलं. हे प्रश्न मोठे आहेत, पण माझ्या मते घाव बसतोय तो टोटवर. जमीन राहिली आणि पैज लावणाराच उरला नाही, तर तिथे घोडे पळवणार कुणाच्या पैशावर? कर क्लबच्या कमिशनवर, म्हणजे त्याच्या हिश्श्यावर घ्या. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तेच म्हटलं होतं. २०२३ मध्ये कायदा बदलून पूर्ण रकमेवरचा कर पक्का केला गेला.

घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं. ते कौशल्य म्हणजे काकांचं पेन्सिलीने भरलेलं रेसकार्ड. त्या दिवशी शेवटच्या रेसला ते परत खिडकीवर आले आणि त्यांनी एका अशा घोड्याचं तिकीट मागितलं, ज्याच्यावर कुणी पैसे लावत नव्हतं.

"काका, हा येईल असं वाटतंय तुम्हाला?"

"नाही वाटत. पण आला तर निदान कर तरी फिटेल."

कार्डावर त्या घोड्यापुढे एकही खूण नव्हती.